ज्वालामुखीचं सुतक

खरं बोलायला वच्छलाबाईंची कधीच हरकत नसे. फक्त ते खरं समोरच्याला पटेल असं असावं, एवढीच त्यांची अट होती. त्यामुळे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, हातात चहाची कपबशी असताना, कृष्णाचा कुवेतहून फोन आला आणि तो म्हणाला, "आई, विमान रद्द झालं, आफ्रिकेत ज्वालामुखी फुटलाय," तेव्हा त्यांना राग आला तो ज्वालामुखीचा नव्हे, पोराच्या अकलेचा.

"दुसरं काय सुचलं नाय का तुला?"

"अगं, खरंच. त्याची राख आभाळात पसरलीय. इंजिनात गेली तर विमान बंद पडतंय. उद्या-परवा सुटंल म्हणतेत."

"आफ्रिका कुठं, कुवेत कुठं आन् आपलं मिटमिटा कुठं? आपल्या चुलीतली राख शेजारच्या अंगणात जात नाय."

मिटमिट्याचं मंगल कार्यालय ठरलं होतं. पेढे आले होते, नवरीच्या, मोनिकाच्या मापाचा शालू आणून झाला होता. नव्हता फक्त नवरदेव. कृष्णा कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. तिशी ओलांडून गेली, तरी पोरगी मिळेना. वाळूजला कंपनीत असताना पोरीवाले म्हणायचे, कंत्राटी आहे. शेती बघतो म्हटलं की ते चहासुद्धा अर्धा ठेवून उठायचे. कुवेत म्हटल्यावर कुठे मोनिकाच्या वडिलांनी, दौलताबादच्या कडुबांनी, होकार दिला होता.

पण कडुबांचं तोंड दुधाने आधीच एकदा पोळलेलं होतं. मोनिकाचा साखरपुडा पूर्वी एकदा ठरला, मांडवात पाट मांडले, आणि ऐनवेळी मुलाकडच्यांचा फोन आला की वेरूळच्या घाटात गाडी पंक्चर झाली. ते पंक्चर आजतागायत निघालेलं नाही. म्हणून या सोयरिकीची बोलणी झाली तेव्हा कडुबांनी हात जोडून एवढंच म्हटलं होतं, "बाई, काय कमीजास्त असंल ते चालंल. ऐनवेळचा फोन तेवढा करू नका."

आता तोच फोन करायची पाळी वच्छलाबाईंवर आली होती.

"खरं काय ते सांगून टाकू," साहेबराव म्हणाले. नवरा म्हणून ते गरीब होते आणि सल्लेही गरिबासारखेच देत.

वच्छलाबाईंनी आधी खऱ्याची परीक्षा घेतली. शेजारच्या आवडाबाईला कुंपणावरून सांगितलं की ज्वालामुखीमुळे पोराचं विमान अडकलं. आवडाबाईने धुणं पिळता पिळता त्यांच्याकडे पाहिलं, आवाज खाली घेतला आणि मायेने विचारलं, "तिकडं दुसरी कुणी आवडली का वं त्याला?"

संपलं. आवडाबाईला जे पटलं नाही, ते दौलताबादला काय पटणार?

कार्य थांबवावं आणि कुणी 'का' म्हणून विचारू नये, असं आपल्याकडे एकच कारण आहे. सुतक. भावकीत कुणी गेलं की दहा दिवस शुभकार्य नाही, सगळे मान खाली घालून 'बरोबर आहे' म्हणतात. प्रश्न एवढाच होता, की मारायचं कुणाला. माणूस भावकीतलं हवं, फार जवळचं नको, आणि कुणाला बघून यायची सवड होणार नाही इतकं लांबचं हवं. असं पारखून वच्छलाबाईंनी गोजरबाईंना निवडलं. साहेबरावांची ही चुलत चुलती. नवरा गेला, एकुलता लेक गेला, नव्वदीला टेकलेली म्हातारी कन्नडच्या पुढे डोंगराकडच्या गावात एकटीच राहायची.

"अगं, जित्ती हाय ती," साहेबराव म्हणाले.

"मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय माणसाचं. तिच्या भल्याचंच करतेय मी."

गोजरबाई गेल्याचं ऐकून फोनवर कडुबांचा आवाज असा मऊ झाला की वच्छलाबाईंनाच गहिवरून आलं. "अरेरे. आपल्या हातात काय असतंय, बाई. सुतक फिटू द्या, मग बघू." फोन ठेवून वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की बघा, संसार असा करतात.

कडुबा रीतीचे माणूस. त्यांनी लगेच मध्यस्थाला कळवलं. मध्यस्थ होता साहेबरावांचा चुलतभाऊ गोकुळ. आपल्या भावकीतलं मरण आपल्याला परक्याकडून कळावं, हे गोकुळला फार लागलं. तो म्हणाला, "मला काय सांगता? मी सकाळी मातीलाच होतो. गर्दी लई होती." आणि पाच मिनिटांत भावकीच्या ग्रुपवर गोजरबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली पडली. त्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून समईचा टाकला. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, मायेचं छत्र हरपलं. प्रत्येकाने गृहीत धरलं की बाकीचे जाऊन आले असणार, त्यामुळे कुणालाच जावं लागलं नाही.

इकडे वारं फिरलं, राख सरकली आणि दुसऱ्या दिवशी विमान उडालं. तिसऱ्या दिवशी कृष्णा अत्तर, बदाम आणि मोठी बॅग घेऊन दारात हजर झाला. त्याच सकाळी पेपरात पहिल्या पानावर ज्वालामुखी होता, त्याची राख होती, अडकलेली विमानं होती. आणि फोन आला तो कडुबांचा.

"बाई, पेपर वाचला का? कृष्णाराव नीट पोचले ना? जीव टांगणीला लागला होता माझा."

त्यांना एका वाचनात सगळं पटलं होतं.

कृष्णाची सुट्टी आठवड्याची आणि सुतक दहा दिवसांचं, हा हिशोब पोरानेच जेवताना मांडला. जेवणही काय, फोडणी न दिलेलं वरण. सुतकात फोडणी चालत नाही आणि आवडाबाईचे कान कुंपणालाच लागलेले. वर्षभर आईच्या हातच्या कालवणाची वाट बघितलेल्या पोराने ते पिवळं पाणी भातात कालवलं आणि म्हणाला, "आई, ज्वालामुखीनं एकच दिवस अडवला होता गं."

साहेबराव दाढीचे खुंट खाजवत होते. खरं सांगून टाकायचं त्यांनीच सुचवलं होतं, हे वच्छलाबाईंना आता झोंबलं. पुढची सुट्टी वर्षाने. तोवर दौलताबादवाले थांबणार नाहीत, त्यांनी का थांबावं? शेवटी वच्छलाबाईंनी उसनं बळ आणून कडुबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. गोजरबाई जिवंत आहेत, सुतक खोटं आहे, चूक माझी आहे.

"बाई," कडुबा समजुतीने म्हणाले, "पोराची सुट्टी संपत आली, तुमची घाई मला कळती. पण त्यापायी मेलेल्या माणसाला जित्तं करू नये. गोकुळराव स्वतः मातीला होते. मी उद्या म्हातारीच्या दारावर, दुःखाला भेटून येतो. होणारी सोयरिक हाय, एवढं तर केलंच पाहिजे."

आयुष्यात वच्छलाबाई इतकं स्वच्छ खरं कधी बोलल्या नव्हत्या, आणि त्याची ही गत झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली. आधी कडुबा उतरले. मग त्यांनी हात दिला आणि गोजरबाई उतरल्या. आवडाबाईच्या हातातली बादली तिथेच राहिली.

"दारावर गेलो," कडुबा बाजेवर टेकत म्हणाले. "म्हातारी उंबऱ्यात उन्हाला बसलेली. इच्यारलं, गोजरबाईंचं घर कोणतं? तर म्हणल्या, मीच हाय, कुणी पाठवलं तुला? मग सगळं सांगितलं त्यांना. चहा केला त्यांनी. दूध नव्हतं, काळाच केला."

गोजरबाईंनी घरभर नजर फिरवली. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. परगावचं लग्न हुकलेल्या माणसाने चौकशी करावी, तशा त्यांनी विचारलं, "मग माज्या मातीला कोण कोण आलतं?"

साहेबराव पायाचे अंगठे बघू लागले. 'सगळे आले होते' हे वाक्य वच्छलाबाईंच्या ओठावर आलं. म्हातारीला बरं वाटलं असतं. पण समोर कडुबा बसले होते, आणि खरं सांगायचं तर वच्छलाबाईंना स्वतःचीच शिसारी आली होती.

"कुणीच नाय, आत्याबाई. गोकुळ गेलो म्हणला, त्यो बी नव्हता. दारावर गेले ते हे एकटे."

"हां," गोजरबाई म्हणाल्या. "मला बी तसंच वाटलं."

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून रडल्या, या आठवड्यात पहिल्यांदाच खऱ्या. कडुबांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "खोटं बोललात, पर पोरगा खोटा निघाला नाय. माझ्या पोरीला तेवढं बास. परवा साखरपुडा उरकू. पण एक अट हाय. तुमची सगळी भावकी बोलवायची आन् ह्या मोठ्या बाईंना पुढच्या खुर्चीवर बसवायचं."

भावकी झाडून आली. खाली मान घालायला, असं वच्छलाबाईंना वाटलं होतं. कसलं काय. जो तो येऊन गोजरबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, आम्हाला तर पहिल्यापासून शंका होती. ग्रुपवर छत्र हरपलेल्याने त्यांच्यासोबत सेल्फी काढला. गोकुळ तर शेजारच्याच खुर्चीत बसला.

"काय रं गोकुळ, गर्दी लई होती म्हणं?" म्हातारीने विचारलं.

"तुमाला मानणारं लई हाय ना, काकू," गोकुळ म्हणाला आणि त्याने दुसरा पेढा घेतला.

मोनिकाला कुंकू लागलं, कृष्णाच्या बोटात अंगठी गेली, साखरेच्या पुड्याची देवाणघेवाण झाली. वच्छलाबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. पंगती उठल्या तशा गाड्या भरभरून निघाल्या, कुणी लासूरकडे, कुणी कन्नडकडे. वच्छलाबाई ओटी सांभाळत गाडीत बसल्या आणि गाडी फाटकाबाहेर निघाल्यावर म्हणाल्या, "आत्याबाईंना कुणी नेलं?"

"कन्नडवाल्यांनी नेलं असंल," साहेबराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी गाडी थांबवायला लावली. ओटी नवऱ्याच्या मांडीवर टाकून त्या चालतच आत गेल्या. पोरं खुर्च्या एकात एक घालून रचत होती. पुढची एक तेवढी राहिली होती, आणि तिच्यावर गोजरबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"चला आत्याबाई, घरी."

"कुणाच्या?"

"आपल्या," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या होत्या. पण म्हातारीला काही ते खरं वाटलं नाही. तिने खुर्चीचा हात सोडला नाही.