बाबांच्या मापाचा बोर्ड

"बोलायचं तू," बाबा म्हणाले. "मी नुसता बरोबर आलोय."

दुकानाच्या दारात आम्ही उभे होतो. बोर्डाचं पुढचं टोक माझ्या हातात, मागचं त्यांच्या. समुद्राच्या लाटांवर उभं राहायचा तो बोर्ड पांढराशुभ्र, चिंचोळा, पुढे निमुळता, दिसायला फार देखणा होता. महिन्याभरापूर्वी बाबांनी तो एकट्यानंच जाऊन आणला होता.

"काय बोलू?"

"सांग, तुला भेट आलाय. माप चुकलं. मोठा हवा."

"बाबा, मला धड पोहता येत नाही."

"ते कुठे विचारणार आहेत!"

बाबा लिफ्ट मेकॅनिक होते. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांना वर-खाली नेणाऱ्या यंत्राच्या पोटात काढलं आणि साठीला निवृत्त झाले. अंगानं अवाढव्य. नव्या लिफ्टची चाचणी घ्यायची तर आत लोखंडी वजनं रचावी लागतात. बाबांच्या कंपनीत मात्र साहेब म्हणायचे, "दोन वजनं कमी आणा, हा आहे." तेव्हापासून त्यांचं नाव 'वजन' पडलं. फोन यायचा तोही, "वजन आहे का घरी?" असा. बाबा हसून बोलायचे. फोन ठेवल्यावर मात्र गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

आमच्या घरात वजनकाटा नव्हता. किराणा, पार्सल, माझं दप्तर, कशाच्याही बाबतीत 'जड' हा शब्द कुणी मोठ्यानं वापरत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं. सांभाळून चालायची सवय लागलेली असते घराला, तसं ते होतं.

एकदा लहानपणी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. लिफ्ट भरली आणि भोंगा वाजला. शेवटी एक सडपातळ बाई आत शिरली होती, पण सगळे बघायला लागले बाबांकडे. बाबा उतरले. "तू जा वर, मी आलोच," म्हणाले आणि जिन्यानं आले. येताना धापा टाकत होते, वर काहीतरी विनोदही केला. परत येताना मला म्हणाले, "त्या लिफ्टचा भोंगा लवकर वाजतो. अजून दोघं सहज मावली असती."

"मग तुम्ही का उतरलात?"

"कुणीतरी उतरायला लागतं."

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं. बाबा समुद्रावर जायला लागले. तिथे एक बाई लाटांवर उभं राहायला शिकवायच्या. एक दिवस बाबांनी चौकशी केली, दुसऱ्या दिवशी बाबा त्यांच्या वर्गात. वर्ग दहा-बारा वर्षांच्या मुलांचा. वर्गाचे बोर्ड भलेमोठे, वरून स्पंजसारखे मऊ, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलेले. मुलं बाबांना आजोबा म्हणायची. ती दोन दिवसांत उभी राहिली. बाबा गुडघ्यांवर उठण्यापर्यंत आले आणि तिथेच अडकले. मग आपला स्वतःचा बोर्ड घ्यावा, एका बाजूला जाऊन आपलं आपण करावं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

तो घेताना दुकानात काय घडलं होतं ते मला आज इकडे येताना बसमध्ये कळलं, तेही खिडकीबाहेर बघत सांगितलेलं.

"वजन विचारलं त्या पोरानं. आजूबाजूला दोन-चार जण होते. पंच्याऐंशी म्हणालो."

 पंच्याऐंशी किलो बाबा बहुधा माझ्या जन्माच्या वेळी असतील.

"मग म्हणाला, कितपत येतं? म्हटलं, मध्यम."

"मध्यम?"

"मग काय सांगू? मुलांच्या वर्गात आहे?" त्यांनी बोर्डावर टिचकी मारली. "हा बुडतो. मी पालथा झोपलो की बोर्ड पाण्याखाली आणि मी वर. लोकांना वाटतं, माणूस नुसताच तरंगतोय."

आम्ही दोघं हसलो. मग ते म्हणाले, "एकदा उभं राहायचंय मला. एकदाच. मग देईन सोडून."

ज्या माणसानं जन्मभर लिफ्टमध्ये 'कमाल भार' लिहिलेल्या पट्ट्या बसवल्या, जो एका माणसाचाही आकडा चुकलेला खपवून घेत नसे, त्यानं स्वतःचा आकडा तीसेक किलोंनी चुकवला होता.

आम्ही आत शिरलो तेव्हा दुकानात तो पोरगा नव्हता. मालकीणबाई होत्या. केस बारीक कापलेले, नाक उन्हानं सोललेलं. एक तरुण जोडपं पोहण्याचे कपडे चाळत होतं. बाबा दारापाशीच थांबले आणि भिंतीवरच्या दोऱ्या निरखायला लागले.

"कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"वजन?"

मी सांगितलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं, की मीही तीन किलो खाल्ले होते.

"याआधी कितपत केलंय?"

"थोडंफार."

बाईंनी बोर्ड उलटापालटा करून पाहिला. "शिकताना जरा लांब-रुंद घ्यावा, ते खरं. पण वजनाचं म्हणाल, तर हा तुम्हाला आरामात तारेल. बुडायचं काही कारण नाही."

"पण बुडतो."

"मग तुमची झोपायची जागा चुकतेय. बघू." त्यांनी जमिनीवर गादी टाकली, तिच्यावर बोर्ड ठेवला. "पालथ्या झोपा. आत्ता कळेल."

मी ऑफिसच्या कपड्यांत होते. जोडप्यातली मुलगी कपडे चाळायची थांबली. मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मदत मागितल्यासारखं झालं असतं. पर्स खाली ठेवली, चष्मा काढून तिच्यात टाकला, गुडघे टेकले. बोर्ड हाताला गार लागला. 

"ऊठ."

बाबा माझ्यामागे येऊन उभे होते.

"ऊठ, बाळ. तो माझा आहे." मग बाईंकडे वळून म्हणाले, "मीच नेला होता. तुमच्याकडचा तो उंच मुलगा होता तेव्हा. वजन एकशे सोळा. त्याला पंच्याऐंशी सांगितलं होतं. आणि मध्यम वगैरे काही नाही. गुडघ्यांपर्यंत उठता येतं. तिथून पुढे नाही."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. एखादी लिफ्ट बंद पडली की ते फोनवर साहेबांना असंच सांगत: कुठे अडकली, काय तुटलंय, किती वेळ लागेल. फक्त त्यांची मान लाल झाली होती, कॉलरपासून वर कानांपर्यंत.

"त्या पोरालाही कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "डोळे आहेत की त्याला." आणि त्यांनी जीभ चावली.

बाबाच आधी हसले. "दिसलं असणार हो त्याला. सभ्य आहे बिचारा."

मग बाई कामाला लागल्या. आम्हाला मागच्या भिंतीकडे नेलं. देखणेपण बघायचं नाही, म्हणाल्या. बोर्ड किती जाड, किती रुंद, त्याच्या पोटात किती जागा, ते बघायचं. ती जागा लिटरमध्ये मोजतात. "हा तुमचा तीस-बत्तीस लिटरचा. उभं राहता येणाऱ्या हलक्या माणसाचा. पटकन वळतो, पण तुम्हाला तारत नाही. तुम्हाला शंभरच्या वरचा हवा. नऊ फुटी, पुढून गोल, वरून मऊ. डोक्यावर आपटला तरी टेंगूळ येणार नाही."

बाबा त्या बोर्डाकडे बघत राहिले. "हा वर्गातल्यासारखाच दिसतो."

"शिकणाऱ्याचाच आहे, काका."

"पांढऱ्यात नाही?"

"पिवळ्यातच आहे."

"पिवळा लांबून दिसतो."

"म्हणून तर पिवळा करतात."

बाबांनी बूट काढले आणि शेजारी शेजारी नीट लावून ठेवले. मग त्या पिवळ्या बोर्डावर दुकानाच्या मधोमध पालथे झोपले. शर्ट पँटमधून सुटला. बाईंनी सांगितलं तसे ते चार बोटं मागे सरकले, हनुवटी वर केली, दोन्ही हातांनी हवेतलं पाणी मागे लोटलं. कपड्यांच्या रांगेकडून दबकं हसू ऐकू आलं. मी त्या दोघांच्या आणि बाबांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. उभी राहिले आणि छताकडे बघत राहिले.

"बास," बाई म्हणाल्या. "हा तुमचा."

पांढरा दुकानात ठेवून पिवळा टेम्पोनं घरी आणला, पण लिफ्टचं आमच्या दोघांच्याही डोक्यात नव्हतं. इमारतीच्या दारातून बोर्ड आत आला, लिफ्टचं दार उघडलं, आणि बाबा कपाळावर हात मारून खालच्या पायरीवर बसले. उभा जाईना, तिरपा जाईना. "शिंप्याचा सदरा फाटका म्हणतात ना," ते म्हणाले. "हिच्या आतलं माप झोपेत सांगेन मी." आणि खूप दिवसांनी ते पोट धरून हसले.

पाच मजले आम्ही बोर्ड जिन्यानं चढवला. मी पुढे, बाबा मागे. प्रत्येक वळणावर बाबा म्हणायचे, "टेक." मी टेकायची. ते श्वास घ्यायचे आणि आव आणायचे, की माझ्यासाठीच थांबलेत. "दमलीस ना? ऑफिसातली माणसं तुम्ही."

पहिला बोर्ड आणला तेव्हा आई म्हणाली होती, "इस्त्रीला बरी आहे फळी, खाली पाय बसवा." हा पाहून ती दारातच उभी राहिली. "अहो, कुणाचं दार काढून आणलंत?"

"माझ्या मापाचा आहे," बाबा म्हणाले. आई बाजूला झाली आणि गॅलरीतली कपड्यांची दोरी वर बांधली.

बघायला यायचं नाही, अशी बाबांची ताकीद होती. आम्ही पाळली. पण एका सकाळी ते रक्तदाबाची गोळी टेबलावर विसरून गेले आणि आईनं मला पाठवलं. कपडे बदलायच्या खोल्या आहेत, तिथल्या भिंतीआड मी उभी राहिले. लाटा अगदी लहान होत्या. वर्ग एका टोकाला, बाबा पार दुसऱ्या टोकाला, पिवळ्या बोर्डावर. ते पडले. बोर्ड ओढून आणला, परत पडले. पडताना एवढं पाणी उडायचं, की मी दर वेळी खाली बघायची.

आणि मग ते पडले नाहीत. गुडघे, एक पाऊल, दुसरं पाऊल. पाय फाकलेले, गुडघे सैल, हात अंगाजवळ. हे उभं राहणं मी पाहिलेलं होतं. लहानपणी एकदा त्यांनी मला कामावर नेलं होतं, तेव्हा लिफ्टच्या टपावर ते असेच उभे होते. लिफ्ट संथ वर सरकत होती आणि बाबा तळव्यांनी तिचा आवाज ऐकत होते. तसेच ते आता पाण्यावरून सरकत आले. वाळू लागली तसे बोर्डावरून पायउतार झाले, एखाद्या मजल्यावर उतरावं इतक्या सहज.

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, मागे. कुणी पाहिलं नाही ना, असं. कुणी नव्हतं. त्यांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ हात चेहऱ्यावर तसेच ठेवले.

शिकवणाऱ्या बाईंकडे मी गोळी दिली आणि परत फिरले.

"कसं होतं पाणी?" आईनं विचारलं.

"बरं होतं," बाबा म्हणाले, आणि आणखी एक कप चहा मागितला. मी पेपर वाचत होते. उभं राहिलेलं पाहिलं म्हणावं, तर त्याआधीचं सगळंही पाहिलं असं होत होतं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एकदाच म्हणाले होते, तरी नंतरही ते जातच राहिले.

पुढच्या वर्षी, जेवून हात धुताना, बाबा गेले.

शववाहिकेबरोबर आलेल्या माणसांना लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं घालता येईना. दोघांपैकी एकानं जिन्याच्या वळणाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि दुसऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, "अजून दोघं बोलव." मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जड आहेत ते," आई म्हणाली. आवाज तिनं जरासुद्धा खाली आणला नाही. त्यांची उंची सांगावी, धंदा सांगावा, तसं म्हणाली. "चौघं हवेतच. सावकाश घ्या. वळणावर टेकलात तरी चालेल."

आमच्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

बोर्ड गॅलरीत तसाच होता. परवा शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. एक अंगानं थोराड बाई रोज काठावर येऊन बसते, पाण्यात शिरत नाही, तिला तो देता का, म्हणून. आई म्हणाली, "दे. आणि तिला सांग, एकशे सोळाला पेलतो."

मी एकटीनंच तो खाली न्यायला घेतला. स्पंजचा तो. वर चढवताना दोघांची दमछाक झाली होती, ती कशानं, ते आता कळेना. काखेत धरला तर एका हातानं उचलला जात होता. पहिल्या वळणावर आले. थकले नव्हते. तरी बोर्डाचं शेपूट मागच्या पायरीवर टेकवलं आणि एक श्वास पुरा होईपर्यंत थांबले.