काळं तूस

तूस जाळणाऱ्या बाईचं सगळंच काळं असतं. नखं काळी, थुंकी काळी, न्हाणीतलं पाणी काळं. रविवारी चर्चला पांढरा सदरा घालून गेलं, तरी ही कार्नेशनवाल्यांच्या घरची हे तिची कॉलर सगळ्या सुबाचोके गावाला सांगते. त्याची लाज आम्ही कधी धरली नाही.

आमच्या मातीत रोपं वाळवणारी मर शिरली तेव्हापासून कार्नेशनची फुलझाडं मातीत लावत नाही. उंच वाफे बांधायचे, त्यांत जाळलेलं भाताचं तूस भरायचं, त्यात रोप. खालच्या गरम मुलखातून तुसाची पोती येतात. अंगणात ढीग करायचा, मधे पत्र्याचं धुराडं उभं करायचं, आग घालायची आणि फावड्यानं वरखाली करत राहायचं. काळं झालं की लगेच पाणी. आत्ता मारते, मग मारते करत बसलात तर पांढरं पडतं. पांढरं म्हणजे राख, आणि राखेत मूळ धरत नाही. सुनेला हे मीच शिकवलं. अरासेली माझ्यापेक्षा चांगलं जाळते असं पुढं लोक म्हणायला लागले. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं. पण खरं होतं ते.

यंदा रोपांच्या पेट्या लवकर येणार होत्या आणि वाफे रिकामे. फावडं मारून मारून तिचं मनगट सुजलं, घागरीच्या गळ्याएवढं झालं. माझा लेक एदिल्सोन म्हणाला, गडी लावू. ती म्हणाली, गडी पांढरं करून ठेवेल. मग औषधवाल्या डॉन एलादियोकडून सुजेच्या गोळ्या आणल्या. जेवणावर घ्यायच्या आणि थोडेच दिवस, असं त्यानं बजावलं होतं. वारा उठायच्या आत आग लागायला हवी, म्हणून ही उजाडताच नुसत्या काळ्या कॉफीवर गोळी टाकायची. दुधातलं अंड्याचं सार मी पुढं ठेवलं, तर म्हणे पोट भरलं की वाकता येत नाही. सूज उतरली. मग दुपारचीही एक गोळी सुरू झाली.

दुसऱ्यांदा गोळ्या आणायला गेलो तेव्हा मी सोबत होते. एलादियो वाईट माणूस नाही. असता तर मला बरं पडलं असतं. त्यानं विचारलं, पोटात जळतं का. अरासेली म्हणाली, जळतं ते अंगणात.

"आणि परसाकडला काळं होतं का गं, पोरी?"

"आमच्याकडे काळं काय नाही, डॉन एलादियो? या आमच्या सासूबाईंचं, दोन्या एतेल्विनांचं, काळीज तेवढं उघडून बघायचं राहिलंय."

दुकानातल्या बाया हसल्या. मीही हसले, सुनेला धार होती, माझ्याच दगडावर लावलेली. एलादियोही हसला आणि त्यानं पाकीट पुढं केलं. तिनं 'नाही' म्हटलेलं नव्हतं. हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुढं ती मधूनच पोत्यावर बसायला लागली. तोंड फिकं पडलं. शेजारणी म्हणाल्या, अरासेली उजळली. दुखतंय का म्हणून मी विचारलं, तर काही दुखत नाही म्हणाली. गोळी दुखूच देत नव्हती ना.

शेवटचा ढीग पेटलेला होता. ती फावड्यावर रेलली आणि ओकली. ओकारी काळी, कॉफीच्या गाळासारखी. मला वाटलं, सकाळची कॉफी. मग ती खाली बसली, आणि ओठ कुठले नि गाल कुठले ते कळेना, सगळं एका रंगाचं. एदिल्सोननं तिला गाडीत घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत तिनं डोळे उघडले.

"दोन्या, ढिगावर पाणी मारलं का?"

"मारलं," मी म्हटलं. मारलं नव्हतं.

"मग ठीक," म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं गोळ्यांचं विचारलं, मग काळं कधीपासून होतंय ते. एदिल्सोन म्हणाला, ते तुसाचं आहे, आमच्याकडे सगळ्यांचंच काळं. मग त्या पोरीनं सांगितलं, गोळ्यांनी पोटाला आतून जखम केलीय, हे आतलं रक्त काळं होऊन पडतंय, किती दिवस पडतंय देव जाणे. बाहेरून रक्त चढवलं. ते टिकलं नाही. दिवस मावळायच्या आत आमची अरासेली गेली.

तिला घेऊन घरी आलो तर अंगणात ढीग पांढराफेक. सबंध. वाऱ्यानं थोडा दारापर्यंत आला होता.

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. रोपं पेट्यांत वाट बघत होती. त्यांना कोण मेलं त्याचं काय? नवी पोती आली. फावडं मी हातात घेतलं. तूस तांबूस झालं, कडेला जरासं काळं दिसलं, आणि मी बादली ओतली.

एदिल्सोन म्हणाला, "आई, अजून कच्चं आहे."

कच्चंच होतं. मला का कळत नाही? दुसरी बादली उचलली, तीही ओतली.