रजेचं लेकरू

खून केलेल्या माणसाला सरकार रजा देतं, हे मला लग्नाआधी ठावं नव्हतं. आणि ती रजा कशासाठी असती, हे माळेगावात आल्यावर आमच्या सासूनं शिकवलं. आक्काबाई तिचं नाव, मी आत्याबाई म्हणते. "पोराला पंधरा दिवस सोडणार हायेत. तेवढ्यात पदरात पाडून घे," म्हणाल्या. मी काय बाजारात चालले होते का पदर पसरून? तसं तोंडावर म्हणलेबी. माझं माहेर पळसदेवचं. धरणाच्या पाण्यावर एका होडीतनं दुसऱ्या होडीत हाका मारत वाढलेल्या आमी, हळू बोलायची सवयच न्हाय.

नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण घेतल्याबिगर तुमाला कळायचं न्हाय. सोमनाथ. मी मालक म्हणते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत रस्त्यावर उसाच्या गाड्यांच्या रांगेत भांडण झालं, पुढं कोण आणि मागं कोण यावरनं. मालकांनी जुवाची शिवळ उपसली आणि एकाच्या डोस्क्यात घातली. एवढी लाकडी खुटी ती, पण माणूस जागच्या जागी गेला. मालक लांबच्या मोठ्या तुरुंगात गेले आणि मी आत्याबाईंच्या ताब्यात राहिले. शिक्षा दोघांनाबी झाली म्हणा की.

तीन वर्षांनी, शहाण्णव साली, पहिली रजा मिळाली. आत्याबाईंनी कोंबडी कापली, अंडी आणली, खारीक-खोबरं कुटलं. बैलाला पेंड चारावी तसं लेकाला चारत होत्या. आपलं अंथरूण शेजारी साखरबाईच्या पडवीत नेऊन टाकलं. गल्लीतल्या बाया मला बघून पदराआड हसायच्या. मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, मलाबी लेकरू पायजे होतं. मी हिरवा चुडा भरला होता.

मालक माझ्या अंगाला शिवले न्हाईत. आधी म्हणाले पाठ दुखती, मग म्हणाले अंगात तापाची कसर वाटती, मग गोठ्यातच पडायला लागले. माझा जळफळाट झाला. माझ्यावर संशय हाय का ह्या माणसाचा? पाचव्या दिवशी दुपारी उसाला पाणी देत होतो. मी फावडं फेकलं आणि म्हणले, "आज सांगायचं. न्हायतर ही मी चालले पळसदेवला."

मालक बांधावर बसले. म्हणाले, "सारजा, माझं रगत नासलंय. एड्स झालाय मला."

तो शब्द मी इंदापूरच्या स्टँडावर भिंतीवर रंगवलेला बघितला होता, खाली हाडांची कवटी. मला वाटायचं, ट्रकवाल्यांचा रोग असंल. म्हणले, "अवो, तो बायांकडं जाणाऱ्यांना हुतो. तुरुंगात बाया कुठनं आल्या?"

"बाया न्हाईत. माणसं हायेत की."

मग सगळं सांगितलं, पाण्याकडं बघत. दाढीला सगळ्या बराकीत एकच पातं, ते बोथट होईस्तवर चालवायचं. गोंदायला एकच सुई. चप्पल जाळून काजळी धरायची, ती पाण्यात कालवायची, आणि एकाच्या हातावरनं सुई काढली की तशीच रगतानं वली दुसऱ्याच्या हातावर. त्यांच्या मनगटावर माझं नाव होतं. आल्या दिवशी ते बघून मी किती हरखले होते!

"आणि बाकीचंबी," मालक म्हणाले.

"बाकीचं म्हंजी?"

"बराकीत एक दादा असतो. नवं पोरगं आलं की आधी त्याच्याकडं जातं. मला पहिल्यांदा मारून नेलं. मग मारावं लागलं न्हाय."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले.

डॉक्टर येऊन रगत घेऊन गेले म्हणं. मग शिपायानं मधल्या चौकात, समद्यांच्या देखत नावं पुकारली. त्या दिवसापासनं ह्यांची बराक निराळी, ताट निराळं. औषध काय न्हाय. आणि सुई अजून ह्या बराकीतनं त्या बराकीत जातीच. "त्या दादानं रगत दिलंच न्हाय," मालक म्हणाले. "तो हाय तितंच हाय. रोज नवी पोरं येत्यात."

मी त्या दादाच्या सात पिढ्या उद्धारल्या, शिपायांच्या उद्धारल्या, मालकांच्याबी उद्धारल्या. आणि मग रडले. मालकांनी माझा हात धरून आपल्या डोस्क्यावर ठेवला. "माझी शपथ हाय. आयेला सांगू नगंस, कुणालाच नगंस. खुनी म्हणून लोक भितात तरी. हे कळलं तर थुकतील."

मी शपथ घेतली. डोस्क्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की तो माणूस मरतो म्हणत्यात. हसू नका, मला तवा खरंच वाटायचं.

रजा संपली, मालक गेले. महिन्यानं मला कावळा शिवला म्हणून मी बाजूला बसले, तर आत्याबाईंनी दारात उभं राहून कपाळ बडवून घेतलं. गल्ली गोळा झाली. वांझोटी म्हणाल्या, पांढऱ्या पायाची म्हणाल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणत्यात तो असा. मला एका शब्दात त्यांना गप करता आलं असतं, आणि तोच शब्द काढायची सोय न्हाय.

ते एक येळ सोसलं असतं. पण आत्याबाईंनी मनात निराळंच धरलं होतं. पुढच्या रजेत मालकांचं दुसरं लग्न लावायचं. आणि पोरगी कोण? माझी धाकटी बहीण, दिशा! "परकी सवत आणली तर तुझाच छळ करंल," म्हणाल्या. "बहीण असली म्हंजी दोघी एका ताटात खाताल. तुझ्याच भल्याचं बघतीय मी." आणि खरंच त्यांना तसं वाटत होतं. आमच्याकडं चालत आलेलंच हाय हे. थोरलीला पोर झालं न्हाय की धाकटीला त्याच घरात देत्यात.

माझ्या बापानं, गंगारामनं, हो म्हणलं. तीन लेकी, दोन होड्या, त्याला तरी दुसरं काय सुचणार? दिशा तर खुशीतच होती. म्हणली, "आक्के, तुझ्याजवळच येती की मी. तू काळजी करू नगंस, माझं पोर ते तुझंच." अठराची पोरगी. मी न्हाय न्हाय म्हणून कोकलत होते आणि समदे म्हणत होते, सारजा जळती.

म्हणून मी तुरुंगात भेटीला गेले. तितं दोन जाळ्या, मधी हातभर जागा, ह्या अंगाला आमी बायका आणि त्या अंगाला ते. समदे एकदम वरडत असत्यात. मीबी वरडले, "दिशाला देत्यात तुमाला! न्हाय म्हणून सांगा आयेला!"

मालक वाळले होते. जाळीला तोंड लावून म्हणाले, "न्हाय म्हणलं तर आय कारण इचारंल."

"मग सांगा कारण!"

"होऊ दे लग्न, सारजा. मी तिला शिवणार न्हाय. तुला कुठं शिवलो?"

अरं देवा! जणू काय मोठा उपकारच करत होता. ह्या माणसानं मला जपलं हे खरं, पण जपून ठिवलेल्या बाईचं पुढं काय हुतं ते त्याला दिसतच नव्हतं. माझ्या दिशानंबी तसंच दारात बसायचं, महिन्याच्या महिन्याला शिव्या खायच्या, आणि एक दिवस कपाळ पुसून घ्यायचं? येताना एसटीत मी खिडकीशी बसून त्यांना इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई उठून मागं गेली.

पळसदेवला सुपारी फोडायच्या दिवशी आमच्या दारात जाजम टाकलं होतं. गावातले तात्या मधी बसले होते, आत्याबाई नवं लुगडं नेसून. दिशाला आत साडी नेसवत होते. तात्यांनी सुपारी हातात घेतली आणि मी चुलीम्होरनं उठून बाहेर आले.

"फोडू नका," म्हणले. "त्यांना एड्स झालाय. तुरुंगात झालाय. रजेवर आले तवा त्यांनी मला हातबी लावला न्हाय, मी वांझ न्हाय."

मग आत्याबाई ताडकन उठल्या. "तो चार भिंतीत, तू मोकळी. रोग तू आणलास, भवाने, आणि लेकाच्या माथी मारतीस?"

"मी मोकळी होते तर तुमी राखण कुणाची करत होता?" म्हणले मी.

बापानं तात्यांच्या हातातली सुपारी काढून घेतली. लगीन मोडलं. मला वाटलं, दिशा येऊन गळ्यात पडंल. ती दारापतूर आली, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या आयनं, मालनबाईनं, तिला दंडाला धरून आत वढलं. मी पाण्याचा तांब्या उचलायला वाकले तर आय म्हणली, "ऱ्हाऊ दे सारजे, मी वरनं वतते." ज्या आयच्या ताटात मी जेवले तिनं माझ्या वंजळीत लांबनं पाणी वतलं. त्या घरात मग मला थांबवंना.

आत्याबाई आणि मी एकाच एसटीनं माळेगावला आलो, निराळ्या बाकांवर बसून. घरी चूल पेटवली न्हाय. मला वाटलं, आता ही मला हाकलती. तर बऱ्याच येळानं त्या जवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सारजे, खरं हाय ना ते?"

"खरं हाय."

"मग आता दुसरी कुणी येणार न्हाय. पुढच्या रजेत तूच जा त्याच्यापाशी. काय हुईल ते हुईल. एक लेकरू तेवढं हुंदे ह्या घरात."

माझं टाळकंच फिरलं. "आत्याबाई, मला मरण लागंल त्यात! आणि त्या लेकरालाबी लागंल! तुमच्या लेकाला एवढं कळतं आणि तुमाला कळत न्हाय? ह्या रोगाला औषध न्हाय. ज्याला झाला तो वाचत न्हाय!"

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. पळसदेवला भांडल्या, मला भवानी म्हणाल्या, नातू मागितला, पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आलीच नव्हती.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "माझा सोमा मरणार?"

दिवसभर मी समद्यांना उत्तरं दिली होती. ह्या वक्ताला मी त्यांचा हात धरला आणि हळूच म्हणले, "व्हय, आत्याबाई."