शर्टातली माया

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत ते आणि त्यांची सोळा वर्षांची लेक, दोघंच. बायको होती तेव्हा गिऱ्हाईक बायकांची मापं ती घ्यायची, पडद्याआडून आकडे सांगायची आणि मास्तर वहीत लिहायचे. साध्या गाठीच्या ऑपरेशनला म्हणून ती गेली ती परत आलीच नाही. त्यानंतर मास्तरांनी कुणा बाईच्या अंगाला टेप लावला नाही. मापाचा कपडा आणा, त्यावरून शिवतो, असं सांगून टाकलं.

लेकीशीही कारभार तोच. ती जुना शर्ट टेबलावर ठेवायची, त्याला टाचणीनं चिठ्ठी: "याहून दोन बोटं सैल." पुढच्या वेळी, "आणखी सैल." मास्तर मुकाट्यानं सैल करायचे आणि वाढतं अंग म्हणून शिवणीच्या आत चांगली तीन बोटं माया सोडायचे. आत दुमडलेल्या जादा कापडाला माया का म्हणतात, ते नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक. मास्तरांना मात्र ती दुसऱ्या कुठल्या रीतीनं दाखवता येत नव्हती. वर्षापूर्वी चिठ्ठ्या थांबल्या. पोरगी वाढायची थांबली, असं समजून त्यांचा जीव भांड्यात पडला. घरात कायम मान खाली घालून वावरणाऱ्या माणसाला दुसरं दिसणार तरी काय!

मग एकदा जेवताना लेक म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय. माझ्या ऑपरेशनसाठी."

"कसलं ऑपरेशन?"

"छातीचं. कमी करायचं." ती ताटाकडे बघत होती. "मान दुखते, पाठ दुखते. धावणं तर कधीच सोडलं मी. तुमची सही लागेल."

मास्तर ताटावरून उठले. अशा गोष्टी विचारायच्या कुणाला? बहिणीला फोन लावला, तर ती उसळलीच. "वेड लागलंय का दादा? लग्न झालं की विसरेल सगळं." फोन ठेवून मास्तर मशीनपुढे बसले. पाय पायडलवर होते, सुईखाली कापड नव्हतं. बायको गेल्यापासून इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं. सही करायची नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. एकीला सही करून पाठवलं होतं, तेवढं पुरे.

दवाखान्यात डॉक्टरबाई नीट बोलल्या. व्रण राहतील, पुढे बाळाला पाजायला अडचण येऊ शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "वाढ चालू असताना आम्ही घाई करत नाही. वर्षभर माप स्थिर असलं तर बरं. हिचं आहे?"

"सूतभर फरक नाही," मास्तर बोलून गेले. "कपडे मीच शिवतो तिचे."

धंद्याची घमेंड, दुसरं काय. नको म्हणायला आलेला माणूस स्वतःच्याच तोंडानं वाट मोकळी करून बसला. लेकीनं शर्टाची कड मुठीत धरली.

नर्सनं तिला तपासायला आत नेलं, गाऊन दिला आणि शर्ट मास्तरांच्या हातात आणून ठेवला. कपडा हातात आला की उलटून बघायचा, ही जन्माची सवय. बाजूच्या शिवणीत माया उरलीच नव्हती. त्यांची मशीनची टीप उसवून कुणीतरी हातानं टाके घातले होते, मग तेही उसवून आणखी कडेला, मग अगदी काठाशी, जिथं धागे सुटायला लागतात. निळ्या शर्टाला काळा दोरा. एके ठिकाणी वाळलेल्या रक्ताचा ठिपका. शिंप्याच्या घरात पोर चोरून सुई चालवत होती.

मास्तरांना तिथंच रडू आलं. शर्ट डॉक्टरांना दाखवला की ऑपरेशन लांबणार, हेच तर त्यांना हवं होतं. आता मात्र तो दाखवणं जिवावर आलं.

लेक बाहेर आली आणि उलटा शर्ट बघून थबकली. "बाबा, सांगू नका ना."

मास्तरांनी शर्ट टेबलावर पसरला. "डॉक्टर, माझं चुकलं. माप वाढतंय अजून. तीनदा उसवलाय हा." लेकीचे डोळे भरले. "पण सही मी करणार. कागद आजच द्या, तारीख तुम्ही म्हणाल ती."

आगाऊ सही चालत नाही, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. दर महिन्याला माप लिहून ठेवा, ते थांबलं की मग या.

 घरी येऊन कुलूप काढताना मास्तरांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"आई असती तर सांगितलं असतं."

मास्तरांनी दार उघडलं आणि तिला आधी आत जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा शर्ट टेबलावर होता, दोन्ही बाजूंना नवी पट्टी जोडून सैल केलेला. त्याला टाचणीनं चिठ्ठी, मास्तरांच्या अक्षरात: "खांदे फार दुखतात का?"

ती शाळेला गेल्यावर त्यांनी येऊन बघितलं. शर्ट नव्हता, चिठ्ठी होती. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: "खूप. पण हे तोंडानं विचारा ना, बाबा."

मास्तरांनी ते चारदा वाचलं. मग रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणून बघितलं, "खांदे फार दुखतात का गं?" आवाज धड फुटेना. पुन्हा म्हटलं. शाळा सुटायला अजून पाच तास होते.