बारा पन्नास ते तीन

विषय : दुपारी बारा पन्नास ते तीन या वेळेत दुसऱ्याच्या जिन्यात बसून राहणे हे काम की विश्रांती, याबाबत.

संदर्भ : १) एका गृहसेविकेचा अर्ज. २) त्यावरील शेरा. ३) शेऱ्यावरील खुलासा. ४) मी.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, संदर्भ क्रमांक चार, म्हणजे मी एक घडीचं स्टूल, बोलतोय. कार्यालयात मला बोलण्याची परवानगी नाही. पण परवानगी नसलेल्या पुष्कळ गोष्टी मी या खोलीत होताना पाहतो, त्यात ही एक.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्यांचे चार तुकडे, मध्ये दोन रिबिटा आणि वर हिरव्या जाड कापडाची पट्टी, इतका माझा संसार. कारागिराला जेवायला जायची घाई होती, म्हणून त्यानं माझा एक पाय बोटभर आखूड कापला. तेव्हापासून मी कुठंही ठेवलं तरी डुगडुगतो. बसणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग तो जरा इकडे सरकतो, जरा तिकडे सरकतो. स्वस्थ बसणं म्हणजे काय हे मला ठाऊक नाही आणि माझ्यावर बसून ते कोणाला ठाऊक झालेलंही नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.

माझे पहिले मालक भाऊसाहेब. चौतीस वर्षं हेडक्लार्क. निवृत्तीनंतर पेन्शनच्या रांगेत उभं राहावं लागणार हे ओळखून त्यांनी मला शेवटच्या पगारातून घेतलं. रांग पुढे सरकली की ते मला दोन बोटांनी उचलून पुढे ठेवायचे आणि मागच्याला सांगायचे, "ढकलू नका, स्टूल सरकारी नाही, माझं आहे." मग एके दिवशी त्यांची डावी बाजू गेली. ते पलंगावर आले आणि मी पलंगाखाली गेलो. तिथं दीड वर्ष काढलं. सोबतीला एक फुटकी बादली होती, तीही फारशी बोलकी नव्हती.

मला बाहेर काढलं ते ताईनं. ताई म्हणजे भाऊसाहेबांना अंघोळ घालायला, कपडे बदलायला आणि पाय चोळायला येणारी गृहसेविका. वय पन्नाशीच्या पुढे. मोठी माणसं ताई म्हणतात, बाकीचे मावशी. झाडू घालताना तिचा हात मला लागला.

"भाऊसाहेब, हे कुणाचं?"

"माझं होतं. आता माझं बसणं संपलं. तू ने."

"मी काय करू?"

"दुपारी कुठं बसतेस ग तू?"

भाऊसाहेबांनी उजव्या हातानं मला तिच्याकडे ढकललं. एवढ्याशा कामाला त्यांना घाम फुटला.

आता ताईचं वेळापत्रक सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलेलं आहे. सकाळी नऊ ते पावणेअकरा एक घर. अकरा वीस ते बारा पन्नास भाऊसाहेब. तीन ते साडेचार एक आजी. घरात शिरताना फोनवर 'आले' हे बटण दाबायचं, निघताना 'गेले'. या दोन बटणांच्या मधला वेळ तेवढा कामाचा. रोजचे पावणेपाच तास भरतात. 'गेले' दाबल्यापासून पुढचं 'आले' दाबेपर्यंत ताई कार्यालयाच्या हिशेबी या पृथ्वीवर नसते.

पण असायची. भाऊसाहेबांकडून निघून ती दहा मिनिटांत आजींच्या इमारतीत पोचायची. घरी जायचं तर बसनं एक तास, म्हणजे दाराच्या कडीला हात लावून लगेच परत फिरायचं. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथं, खिडकीखाली ती मला उघडायची. आजींच्या सूनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "मावशी, तीनच्या आधी बेल नका वाजवू हं. रात्रभर या उठवतात, दुपारी माझा जरा डोळा लागतो." सूनबाईंचे डोळे पाहिले तर त्यांना दोष देववत नाही. ताईला घरं नेमून देणाऱ्या सेवा केंद्रावर तिनं विचारलं, "दीडला गेले तर?" केंद्रावरच्या मॅडम म्हणाल्या, "औषध तीनचं आहे ना? मग दीडला जाऊन काय करणार?"

बरोबरच होतं. प्रत्येकाचं बरोबर होतं. म्हणून ताई जिन्यात होती.

माझ्यावर ती दहा मिनिटं बसायची, मग उठायची. गुडघा चोळायची. फोन पाहायची, कारण केंद्राचा फोन दोन घंट्यांत उचलला नाही तर नोंद होते. खिडकीतून खाली पाहायची. परत बसायची. मी डुगडुगलो की म्हणायची, "तू तरी गप राहा रे." येणारेजाणारे टोमणे मारून जायचे. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज एकच विनोद करायचे, "काय मावशी, दुकान थाटलंत?" ताई रोज एकच उत्तर द्यायची, "गिऱ्हाईक झोपलंय." एकदा रखवालदार आला. "जिन्यात वस्तू ठेवायला बंदी आहे."

"वस्तू कुठं ठेवलीय? वस्तूवर मी बसलेय."

"मग तुम्ही उठा."

"मी उठले की ती ठेवलेली होईल. मग तुम्हाला रागवावं लागेल."

रखवालदारानं थोडा विचार केला आणि तो खाली गेला.

आजींचा पलंग जिन्याकडच्या भिंतीला लागून होता. त्यांना ताईच्या चपलांचा आवाज कळायचा. भिंतीवर टकटक व्हायची.

"आलीस का ग?"

"आले, आजी," ताई हळू आवाजात म्हणायची, सूनबाईंची झोप मोडू नये म्हणून.

"मग आत ये की."

"तीन वाजायचेत."

"मग आलीस कशाला?"

ताई म्हणायची, "पडा आजी, मी इथंच आहे." आणि आजी पडायच्या. कोणीतरी भिंतीपलीकडे आहे म्हटलं की त्यांना झोप लागायची. हे काम कुठल्या बटणात बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

ताईचा गुडघा दिवसेंदिवस वाईट होत चालला होता. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, ऑपरेशन करा, सहा आठवडे पाय जमिनीला लावू नका. तारीखही दिली. सहा आठवड्यांची पगारी रजा केंद्रात मिळते, पण पूर्णवेळ सेविकेला. पूर्णवेळ म्हणजे रोज सहा तास. ताईचे पावणेपाच. रजेविना घरी बसली तर तिची घरं दुसरीला जाणार आणि परत आल्यावर रांगेत शेवटून पहिली. जिन्यातले दोन तास धरले असते, तर सहा तास भरून वर उरले असते. एवढंच तिला हवं होतं. जिना कामात धरा.

तिनं साधा अर्ज दिला. त्यावर उत्तर आलं नाही. आणि त्याच आठवड्यात आजी पडल्या.

पावणेदोन झाले होते. भिंतीपलीकडे धप्प असा आवाज झाला. मग टकटक नाही, काहीच नाही. मला काखेत मारून ताई एका गुडघ्यावर आठ पायऱ्या कशी चढली ते तिचं तिला माहीत. दार उघडलं, सूनबाई पांढऱ्याफटक. "मावशी, मला उचलता येईना! हात ओढू का?"

"हात लावू नका. आधी बघू दे. आजी, कुठं दुखतंय?"

"दुखत कुठं नाही ते विचार," आजी जमिनीवरून म्हणाल्या. तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

हाड मोडलेलं नाही याची खात्री करून ताईनं आजींना कुशीवर वळवलं, मग गुडघ्यांवर आणलं. मला ओढून त्यांच्यापुढे ठेवलं. आजींनी माझ्यावर हात टेकले, मग एक पाय रोवला, मग बूड माझ्यावर आलं आणि तिथून पलंगावर. डुगडुगू नये म्हणून ताईनं माझ्या आखूड पायाखाली स्वतःची चप्पल सारली होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी तेवढाच वेळ स्थिर राहिलो.

मग ताईनं 'आले' दाबलं. फोन म्हणाला, भेटीची वेळ झालेली नाही. परत दाबलं. फोन परत तेच म्हणाला. तेव्हा तिनं कागदावर सगळं लिहून केंद्राला दिलं, आणि खरं बोलायची खोड असल्यामुळे त्यात एक वाक्य जास्तीचं घातलं : 'मी जिन्यात स्टुलावर बसले होते म्हणून लगेच पोचले.'

चौथ्या दिवशी दोन्ही कागदांवर मिळून एक शेरा आला. 'सेविका सदर वेळी स्टुलावर बसलेल्या होत्या असे त्यांच्याच लेखी कथनावरून दिसते. आसनस्थ कालावधी हा विश्रांती समजण्यात येतो. लेखी खुलासा आल्यास विचार करता येईल.'

तो शेरा ताईनं भाऊसाहेबांना वाचून दाखवला. दीड वर्षात मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. रागावले म्हणजे ते आनंदातच असत.

"कागद घे. पेन घे. मी सांगतो तसं लिही. सदर स्टूल हे बूड टेकण्याचे साधन असून विश्रांतीचे नव्हे. लिहिलंस? मूळ वस्तू जोडपत्र 'क' म्हणून सोबत सादर आहे. मा. अधिकारी महोदयांनी त्यावर स्वतः पाच मिनिटे बसून खात्री करून घ्यावी, ही विनंती."

ताईचा हात थांबला. "अहो, फोटो लावू की याचा."

"फोटोवर बसता येतं का? पाच मिनिटं बसून तो विश्रांती म्हणाला, तर मी पेन्शन सोडून देतो."

"आणि मी कशावर बसू?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे ग. पुरावा नेहमी मूळ जोडावा. चौतीस वर्षांत माझा एक कागद परत आला नाही."

तो परत आला नाही हे खरं होतं. मूळ जोडलेलं काहीच परत येत नाही, हे भाऊसाहेब खिडकीच्या आतल्या बाजूला बसत असल्यामुळे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

केंद्राच्या कार्यालयात आवक विभागातल्या कारकुनानं मला उलटंसुलटं केलं. "हे काय?"

"जोडपत्र."

"जोडपत्राला भोक पाडून दोरा घालायचा असतो. याला कुठं पाडू?"

"चहूबाजूंनी भोकच आहे की," ताई म्हणाली. "घाला कुठूनही."

तो हसला. माणूस वाईट नाही. त्यानं माझ्या पायाला दोरा बांधून चिठ्ठी अडकवली : आवक क्र. ४१७, जोडपत्र 'क'. पावती दिली. ताईनं ती चार वेळा वाचली आणि ती लंगडत बाहेर गेली. मी पहिल्यांदा तिच्या हातात नव्हतो.

या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. मी कपाट आणि भिंत यांच्या मधे घडी घालून उभा आहे. स्टुलाला उभं ठेवणं ही काय शिक्षा आहे हे कोणाला सांगावं? पंखा लागला की माझी चिठ्ठी फडफडते आणि मी नळीला नळी आपटत राहतो. शिपायाला एकदा वरच्या फडताळातलं काढायचं होतं. तो मला उचलायला आला तर कारकून ओरडला, "अरे, पुराव्यावर चढतोस काय!" अधिकारी महोदय एकदा आले. त्यांनी मला पाहिलं, चिठ्ठी वाचली, खुर्चीकडे पाहिलं. गादीची, चाकांची, मागे रेलणारी. "नंतर बघू," म्हणाले आणि खुर्चीत बसले. पाच वाजेपर्यंत बसले. तो कालावधी कामात धरला गेला.

परवा ताई आली. काउंटरच्या पलीकडे उभी राहिली, दोन्ही हात लाकडावर टेकून. मी तिच्यापासून तीन पावलांवर होतो.

"साहेबांनी बसून बघितलं का?"

"साहेब दौऱ्यावर आहेत. मावशी, तुम्ही बसा ना—" असं म्हणून कारकुनानं आजूबाजूला पाहिलं. बसायला काही नव्हतं. होतं ते नोंदीत होतं.

"जिन्यात आता कशावर बसता?"

"पायरीवर बसलं की उठता येत नाही. म्हणून उभीच असते. आजी विचारतात, आज स्टुलाचा आवाज का नाही."

कारकुनानं खाली मान घातली. मग हळूच म्हणाला, "एक करता येईल. जोडपत्र परत मिळावं असं दोन ओळी लिहून द्या, मी आत्ता देतो. पण मग पुराव्याअभावी अर्ज निकाली निघेल."

"म्हणजे नाही म्हणणार?"

"नाही म्हणणार नाहीत. निकाली काढणार."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तेवढं ओरडलो, म्हणजे पंखा चालू होता म्हणून वाजलो. दोन ओळी लिही आणि मला घेऊन चल, असं माझं म्हणणं होतं. माझं म्हणणं लबाडीचं होतं, मला इथून सुटायचं होतं. तिनं पेन उचललं. कारकुनानं कागद पुढे सरकवला. तिनं पाय बदलला, दुखऱ्यावरचा भार दुसऱ्यावर घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "बसू देत साहेबांना आधी."

पेन खाली ठेवलं आणि गेली. तिला परतायची घाई नव्हती, बारा पन्नास होऊन गेले होते आणि तीन वाजायचे होते. तो तिचा स्वतःचा वेळ होता.

तरी वाचकांना विनंती की, आपल्यापैकी कोणाचं या कार्यालयात वजन असेल, तर ते त्यांनी पाच मिनिटं माझ्यावर टाकावं.

डॉक्टरांनी दिलेली पहिली तारीख रजा नसल्यामुळे टळली. दुसरी येत्या अठराला आहे. आज अकरा तारीख. साहेब दौऱ्यावर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.