मिरचीच्या गोदामाची कडी

मी दाराची कडी बोलतेय. तळोद्याच्या बाजारपेठेत सुमेरमल शेटजींचं मिरचीचं गोदाम आहे, त्याच्या दाराला मी सध्या आतून असते. आधी मात्र माझी जागा मागच्या घरात होती, त्यांच्या सुनेच्या, म्हणजे फाल्गुनीच्या खोलीला.

दिवसा सुनेनं कडी लावायची नाही, असा त्या घराचा शिरस्ता. मग काय, मी दिवसभर नुसती लटकत राहायची. सासूबाई उमरावबाई कधीही दार ढकलून आत यायच्या. कधी चादर शोधायला, कधी सुनेच्या तोंडात लाडू कोंबायला. माया भरपूर होती, विचारण्याची पद्धत नव्हती.

दुपारी नणंद किंजल भाभीकडे इंग्रजी शिकायला बसे. एकदा धड्यात 'इंट्रूड' आलं. किंजल म्हणाली, म्हणजे चोरासारखं घुसणं. फाल्गुनीनं मान हलवली. चोरावर हा शब्द वाया घालवू नकोस, म्हणाली. आपण नको असताना, न विचारता आत शिरतो, त्याचं हे क्रियापद. आणि नुसतं खोलीतच नाही, कुणाच्या बोलण्यात, कुणाच्या दुःखातही असं शिरता येतं. इंग्रज लोक आत येऊन वर विचारतात, मी इंट्रूड तर करत नाही ना?

"आत आल्यावर विचारून काय उपयोग?" किंजल म्हणाली. तेवढ्यात उमरावबाई दार ढकलून आल्या आणि दोघी तोंडाला ओढणी लावून खुदखुदल्या. मीही थोडी खुळखुळले.

त्या खोलीतलं ते शेवटचं हसू. फाल्गुनीचा नवरा रिषभ माल बघायला धडगावकडे निघाला होता, त्याची जीप दरीत कोसळली.

मग खोलीत बायांची रीघ लागली. कोणी गळ्यात पडे, कोणी बळेच पाणी पाजे, कोणी तिच्याऐवजी रडे. तिला स्वतःला रडायला जागाच उरली नाही. एका दुपारी ती उठली आणि भर दिवसा तिनं मला लावलं. उमरावबाई दार बडवू लागल्या. त्यांच्या आवाजातली भीती खरी होती, हे मला सांगितलंच पाहिजे. मुलगा नुकताच गेला होता. दार उघडलं तेव्हा सुनेचे डोळे ओले होते, बाकी काही नाही. तरी त्यांनी दगा सुताराला बोलावलं.

"दगाभाऊ, कडी काढी टाक," त्या म्हणाल्या. "पोरले काही हुई गयं तं मी काय करसू?"

दगानं स्क्रू काढले. ते झेलायला ओंजळ धरली होती किंजलनं. त्या शब्दाचा अर्थ पाठ असलेल्या किंजलनं. मला तिचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

शेटजींच्या घरात काही टाकून देत नाहीत, म्हणून मी गोदामाला लागले. पुढे फाल्गुनीनं गोदामाचं काम स्वतःहून मागून घेतलं. मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बाया दुपारी भाकरी खायला गेल्या की ती आत येते, मला लावते आणि पोत्याला पाठ टेकून रडते. मिरचीच्या खकाण्यात सगळ्यांचेच डोळे गळतात. बाहेर आल्यावर तिला कोणी काही विचारत नाही. उमरावबाई शेजारणींना समाधानानं सांगतात, सून सावरली, आता रडत नाही.

तिच्या छातीत मात्र घरघर बसलीय. डॉक्टरांनी मिरचीपासून लांब राहायला बजावलंय, पण ती ऐकत नाही. लांब राहून जाणार कुठे?

परवा दाराबाहेर पावलं थांबली.

"भाभी, मी आत येऊ?"

आत खोकला दाबला गेला. फाल्गुनी म्हणाली, "नको."

किंजलनं दार ढकललं नाही, आणि ती परतही गेली नाही. उंबऱ्याबाहेर बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात इथे लोखंडी शटर बसणार आहे. त्याला आतून कडी नसेल. मी भंगारात गेले तर माझं मेलं काय जातंय? पण किंजल, दार काढतील तेव्हा मला तेवढी मागून घे. भाभीच्या दारावरची माझी भोकं अजून बुजलेली नाहीत.