आडवी काठी

पाटी, फाटकाच्या डाव्या हाताला: जंगलात मोठ्याने बोलू नये.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्यांनी अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलं होतं. त्यांच्या सीटपुढे, त्यांच्या पायाशी, एक जादा ब्रेक असायचा. शिकणाऱ्याचा हात डगमगला की मास्तरांचा पाय दाबायचा. इतकी वर्षं हे केल्यावर पाय काय फक्त गाडीतच दाबतो? घरात दूध उतू जायला लागलं, न्हाव्याने वस्तरा जरा तिरका धरला, की मास्तरांचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. बायको म्हणायची, डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बसवलं म्हणून मुलगी वेळेवर झाली, नाहीतर अजून अडकलेली असती.

ती मुलगी आज फाटकापाशी उभी होती. हिरवा सदरा, गळ्यात शिट्टी. राष्ट्रीय उद्यानात डोंगरमाथ्यापर्यंत लोकांना नेऊन आणायचं, हे तिचं काम. म्हणजे अजून व्हायचं होतं. वर्षभर ती दुसऱ्या गाईडच्या हाताखाली हिंडली होती आणि आज तिची परीक्षा होती. आजचा गट तिने नीट नेला तर ती पक्की गाईड. नाही नेला तर परत तिकीटखिडकीत, जिथे बसून बसून आधीच तिचा चेहरा जाळीच्या आकाराचा होत चालला होता.

परीक्षा घेणारा गाईड सगळ्यांत जुना. सहकारी त्याला घुबड म्हणायचे. गटाच्या शेवटी चालायचा, मान चहूकडे वळवायचा, आणि कुणाच्या जिवावर बेतल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. परीक्षेच्या गटात घरचं माणूस नको, एवढा एकच त्याचा नियम होता. घरची माणसं मदत करतात.

मास्तरांनी तरीही तिकीट काढलं. लेकीच्या इतके मागे लागले की ती कंटाळून हो म्हणाली. अटी तिच्या: ओळख दाखवायची नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आणि मी तुम्हाला काका म्हणेन. मास्तर म्हणाले, म्हण की, त्यात काय.

“काका, नाडी सुटलीये तुमची,” ती फाटकापाशी म्हणाली, तेव्हा त्यात काय ते त्यांना कळलं.

मग तिने सूचना दिल्या. माकडांना खायला घालू नका, एकट्याने मागे राहू नका, वगैरे. सगळे ऐकत होते. मास्तर फक्त बघत होते. उभी कशी राहते, हात कसे हलवते, गटातल्या नव्या जोडप्यातल्या पोरगेल्याशा नवऱ्याने मध्येच प्रश्न विचारला तर गडबडते का. नाही गडबडली. मास्तरांची छाती सदऱ्याच्या गुंड्यांना आतून ढुशा देऊ लागली, आणि त्या नादात लेकीचं एक अख्खं वाक्य त्यांच्या डोक्यावरून गेलं.


पाटी, झुलत्या पुलावर: एका वेळी एकानेच जावे.

एकेक जण येतो आहे तोवर ओळख करून घ्या.

आधी गाईड.

मग नवं जोडपं. ‘एका वेळी एकानेच’ वाचून दोघांचे चेहरे पडले, पण पलीकडे गेल्यावर अशी काही गळाभेट झाली की जणू नवरा परदेशातून आला.

मग काका, म्हणजे मास्तर. पूल हलला की पाय दाबत होते. त्याने पूल जास्त हलत होता.

मग दोघी जावा. थोरलीला या सहलीला यायचंच नव्हतं आणि धाकटीनेच तिला आणलं होतं, किंवा उलट. यावर त्या बसमध्ये चढल्यापासून भांडत होत्या. जंगलात मोठ्याने बोलायचं नाही म्हणून आता कुजबुजत भांडत होत्या, त्यामुळे शब्द जरा जास्तच लागत होते.

मग औषधांच्या दुकानाचा मालक, गळ्यात कॅमेरा. तो प्रत्येक पानापाशी थांबायचा.

आणि सगळ्यांच्या मागे घुबड.


पाटी, मुळांच्या पायऱ्यांपाशी: दम लागल्यास थांबावे.

चढ.

मुळं. मुळांवर शेवाळ. शेवाळावर बूट.

मास्तर.

मास्तरांचा श्वास, मास्तरांच्या दोन पावलं मागे.

गाईड म्हणाली, झालाच, हा शेवटचा चढ.

मग आणखी एक शेवटचा चढ.

जळू. धाकट्या जावेच्या मोज्यावर. किंचाळायला दम नाही, म्हणून नुसतंच बोट. थोरलीने काडीने उडवली. आभार नाहीत. काडी मात्र जपून ठेवली, दोघींनी.

नेचे, माणसाहून उंच. बांबू, आपापसांत करकरणारे. वर कुठेतरी ऊन. खाली हिरवा अंधार.

काका, पाणी प्या.

प्यायले.

काका, हळू प्या.

हळू प्यायले. हिला घोट घोट पाणी प्यायला कुणी शिकवलं, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

आणखी एक शेवटचा चढ.


इथे पाटी नाही

खरं तर इथेच पाटी हवी होती. इथे वाट फुटते. डावीकडची रुंद, सपाट, पायाला बोलावणारी, पण ती ओढ्यात उतरते आणि तिथल्या कातळापाशी संपते. उजवीकडची अरुंद, झुडपांत शिरणारी. माथ्याला जाते ती ही.

अशा ठिकाणी इथले गाईड काय करतात, तर चुकीच्या वाटेच्या तोंडावर एक काठी आडवी ठेवतात. मागे रेंगाळलेल्यांनी काठी बघायची, ती वाट सोडायची, दुसरी धरायची. गाईडला ओरडावं लागत नाही, जंगलाची झोप मोडत नाही. शेवटचा माणूस काठी उचलून झाडाला टेकवून ठेवतो. सकाळी लेकीने सांगितलेलं आणि मास्तरांच्या डोक्यावरून गेलेलं वाक्य नेमकं हेच.

लेकीने डाव्या वाटेवर काठी ठेवली, उजवीकडे वळली. जोडपं तिच्या मागे वळलं. मागून मास्तर एकटेच आले, कारण जावा अजून शेवटच्या चढावर होत्या. मास्तरांना पुढच्यांच्या पाठी दिसल्या, आणि दिसली रस्त्यात पडलेली काठी.

रस्त्यातली अडचण दूर करणं हा मास्तरांचा धर्म. मागून बायामाणसं येतायत, थोरलीचे बूट तर नुसते शोभेचे, अडखळून पडली म्हणजे पोरीच्या परीक्षेची वाट. कशाला हात लावायचा नाही, ही अट आठवली त्यांना. पण ही मदत थोडीच, ही तर साफसफाई. त्यांनी काठी उचलली, उजव्या वाटेत शिरले आणि ती मागे नीट, कुणाच्या पायात येणार नाही अशी, झुडपाला लागून ठेवली. म्हणजे उजव्या वाटेच्या तोंडावर. आडवी.

हात झटकले. बरं वाटलं.


उजवी वाट

सपाट खडकावर गाईडने सगळ्यांना टेकायला सांगितलं. जोडप्याने बिस्किटं काढली. मास्तरांनी बूट काढावा का यावर विचार केला.

कुणी आलं नाही.

गाईड उठून उभी राहिली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षांची असताना जत्रेत आईचा हात सुटला तेव्हा जो चेहरा झाला होता तो त्यांना क्षणभर तिथे दिसला, आणि लगेच दिसेनासा झाला. तिने आवाज चढवला नाही. आपण सगळे मिळून खाली फाट्यापर्यंत जाऊ, मला ओलांडून कुणी पुढे जाऊ नका, म्हणाली. शिट्टी ओठांशी धरली, पण वाजवली नाही. आधी कान दिला.


डावी वाट

(ही हकिकत मास्तरांना नंतर जावांकडून कळली, दोन तऱ्हांनी. थोरलीची फार लांब आहे, म्हणून इथे धाकटीची.)

फाट्यावर उजवीकडे काठी दिसली. धाकटी म्हणाली, गाईडताईने सांगितलं तसं डावीकडे. थोरली म्हणाली, मला सांगायला नको, मीही कानांनीच ऐकते. दोघी डावीकडे गेल्या. औषधवाला पानं टिपत मागोमाग. घुबडाने काठी पाहिली, तिच्याजवळच्या चिखलात उमटलेले बूट पाहिले, मान वळवून उजवी वाट पाहिली. मग ते मुकाट्याने तिघांच्या मागे ओढ्यात उतरलं. परीक्षा होती ना.

ओढ्यापाशी वाट संपली. घुबड तोंड उघडेना. तेव्हा थोरली म्हणाली की तुझं ऐकलं की असंच होतं. या वाक्यासाठी मात्र कुजबूज पुरली नाही.


फाटा, दुसऱ्यांदा

गाईडने ऐकलं ते हेच वाक्य. खालून, डावीकडून, बांबूंमधून स्वच्छ आलं. शिट्टी तिने परत सदऱ्यात टाकली आणि ओठांच्या कोपऱ्यात हसली, हे फक्त मास्तरांनी पाहिलं.

सगळे फाट्यावर भेटले. धापा टाकणाऱ्या जावा, आनंदी औषधवाला (ओढ्यात त्याला एक निळा बेडूक मिळाला होता), मान न हलवणारं घुबड. काठी उजवीकडे आडवी पडलेली होती. गाईडने तिच्याकडे बघितलं, मग लोकांकडे.

“चूक माझी,” ती म्हणाली. “काठी कुठे ठेवली ते मी वळून बघायला हवं होतं.”

जावांनी एकदम तिची बाजू घेतली. सकाळपासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. घुबडाने मात्र वरच्या खिशाकडे हात नेला, आणि मास्तरांना उगाचच वाटलं की त्या खिशात तिकीटखिडकीची किल्ली आहे.

त्यांचा पाय जमिनीत रुतला. गप्प बसलं तर पोरीची चूक ठरते. बोललं तर अट मोडते. अट आधीच मोडली होती, फक्त अजून कुणाला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना ब्रेक कुठला आणि ॲक्सिलरेटर कुठला ते कळेना.

“काठी मी हलवली,” ते म्हणाले. “त्यांनी बरोबर ठेवली होती. मला वाटलं, कुणी अडखळेल.”

बस्स, एवढ्यावर निभावलं असतं. एक अतिशहाणा काका, असे प्रत्येक गटात असतात. पण गाईड गर्रकन वळली.

“सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून! काय हो, बाबा!”

बांबूसुद्धा करकरायचे थांबले.

“बाबा?” धाकटी जाऊ म्हणाली.

“मला वाटलंच होतं,” थोरली म्हणाली. तिला काहीही वाटलं नव्हतं.

लेकीचा चेहरा पडला. रागाने एका शब्दात सगळं घालवलं होतं: वर्षभराची हाताखालची पायपीट आणि घुबडाचा तो एकच नियम. मास्तर घुबडाला काहीतरी समजावू लागले, दोष आपला आहे, तिचा नाही, तिने नकोच म्हटलं होतं. घुबडाने बोट ओठांवर ठेवलं. मग त्या बोटाने गाईडकडे खूण केली: पुढे?

तिने काठी उचलली. मग डाव्या वाटेवर गेली आणि ती पुन्हा आडवी ठेवली, या खेपेला दोन दगडांमध्ये रोवून.

“ताई, तुम्ही दोघी आता माझ्या मागे. दमला आहात, तुमच्या चालीने जाऊ. मग औषधवाले दादा, मग जोडी. बाबा, तुम्ही सगळ्यांत मागे. ह्यांच्यासोबत.”

सगळ्यांसमोर बापाला शेपटाला पाठवलं. मास्तर गेले.


पाटी, अर्धी शेवाळाने खाल्लेली: …पासून दृश्य अतिशय…

शेपटाला चालण्यात एक गंमत असते. पुढचं काही हातात नसतं. जावांच्या वेण्या, कॅमेऱ्याचा पट्टा, जोडीचे गुंतलेले हात, आणि फार पुढे, पानांत दिसणारा आणि नाहीसा होणारा एक हिरवा सदरा. मास्तरांनी दोनदा घुबडाशी बोलायचा प्रयत्न केला. घुबड दोन्ही वेळा झाडांकडे बघायला लागलं.

झाडं संपली आणि वारा अंगावर आला. माथा. खाली ढग, ढगांतून डोकावणारे लहान डोंगर. सगळे आडवेतिडवे बसले. घुबडाने वरच्या खिशातून शेवटी एक गोळी काढली, खोकल्याची, ती तोंडात टाकली आणि दिवसभरात पहिल्यांदा ते बोललं.

“बाप आहे ते मला फाटकापाशीच कळलं होतं. चाल एक आहे दोघांची. शेवटी चालणाऱ्याला चालीच दिसतात.” गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. “नियम मोडलास. महिनाभर झुलता पूल तू घासायचा.”

“हो,” गाईड म्हणाली.

“घरच्या माणसासाठी लोक गटाला ताटकळत ठेवतात. तू गटासाठी घरच्या माणसाला मागे ठेवलंस. रविवारचा गट तुझा. मी येणार नाही.”

धाकट्या जावेने टाळी वाजवली, थोरलीने वाजवली, जोडीने वाजवली. गाईडने हात वर केला. खालच्या कड्यावर माकडांचा कळप ऊन खात पसरला होता, दोन पिल्लं आईच्या पोटाला चिकटलेली. टाळ्या हवेतल्या हवेत थांबल्या.

मास्तरांचं मात्र वाक्य तयार झालं होतं. मोठं वाक्य. त्यात तिची आई होती, जत्रा होती, पाणी कसं प्यावं ते होतं, आणि ‘मला आधीपासूनच खात्री होती’ असं एक धादांत खोटंही होतं. पण पक्क्या गाईडचा हात वर होता. मास्तरांनी वाक्य गिळलं नाही, तोंडात धरून ठेवलं, आणि तसेच उतरू लागले.

मुळांच्या पायऱ्यांवर गुडघे इतके बोलले की वाक्यातली जत्रा गळून पडली. बांबूंमध्ये पाण्याची गोष्ट गेली. पुढे खात्री गेली, ती तर जायलाच हवी होती. पुलावर तिची आई राहिली. तिला तर घरी गेल्यावर सगळं सांगावंच लागणार होतं, आणि ते वाक्य वेगळं असणार होतं.

फाटकाबाहेर सगळे पांगले. जावा बस कुठून सुटते यावर वाद घालत गेल्या. लेक मास्तरांपाशी आली, त्यांच्या सदऱ्यावरचं गवत काढलं.

“बोला आता, बाबा.”

मास्तरांनी तोंड उघडलं. जे उरलं होतं ते बाहेर आलं.

“मागून बघत होतो. बरी आहेस कामात.”

“बरी?”

“चांगली.” मास्तर थांबले. आणखी थोडं निघालं. “फार चांगली.”

“मग रविवारी घरी बसाल?”

मास्तरांनी ढगांत गेलेल्या माथ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, खाली आपल्या बुटांकडे पाहिलं.

“बसेन,” ते म्हणाले. “पण खाली आल्या आल्या फोन कर.”